शांत झालेलं बाळ

तान्ह्या बाळाला गाणी म्हणायची असतात, हे मला कुणी सांगावं लागलं नव्हतं. गरोदरपणातच मी तयारीला लागले होते. पुस्तकं आणली, गाण्यांची यादी केली, चांगल्या आवाजाचा छोटा स्पीकर घेतला. तरीही माझ्या मुलीच्या पहिल्या दोन-अडीच वर्षांत या एकाच बाबतीत मी एकामागून एक चुका केल्या. त्यातली एकही हयगयीतून झालेली नाही. तिला सगळ्यात चांगलं तेच मिळावं या हट्टातून त्या झाल्या, आणि म्हणूनच त्या ओळखायला मला इतका वेळ लागला. आज ती शाळेत जाते, भरपूर बोलते, वर्गात हात वर करते. तिचं कायमचं नुकसान झालं असं मला म्हणायचं नाही. पण त्या दिवसांत जे मिळू शकत होतं आणि माझ्यामुळे मिळालं नाही, ते काय होतं हे मला आता कळतं.

सुरुवात माझ्या आवाजापासून करते. शाळेत स्वागतगीतासाठी मुली निवडताना बाईंनी मला सांगितलं होतं, "तू मागे उभी राहा आणि नुसते ओठ हलव." ते मनात इतकं घट्ट बसलं की पुढे घरच्या गणपतीतसुद्धा मी टाळ्या वाजवायचं काम घेत असे, आरती म्हणत नसे. मुलगी झाली तेव्हा मी ठरवून टाकलं की हिच्या कानावर पडेल ते सुरेलच पडेल. १९७७ च्या 'बाळा गाऊ कशी अंगाई' या चित्रपटातली, मधुसूदन कालेलकरांनी लिहिलेली आणि सुमन कल्याणपूरांनी गायलेली अंगाई. १९५३ च्या 'देवबाप्पा'मधलं, गदिमांच्या शब्दांचं आणि पुलंच्या चालीचं आशाबाईंचं 'नाच रे मोरा'. अशी निवडून निवडून गाणी मी फोनवर भरून ठेवली. पाळण्यापाशी स्पीकर, बाळ किरकिरलं की बटण.

ही गाणी थोर आहेत, आजही माझ्या आवडीची आहेत. पण ती वाद्यमेळासह, अख्ख्या महाराष्ट्रासाठी गायलेली आहेत. माझ्या मुलीचे डोळे जड झाले म्हणून त्यांची लय मंदावत नव्हती. ती दचकून जागी झाली म्हणून त्यातलं एखादं कडवं मागे वळून परत येत नव्हतं. हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही, कारण बाळ शांत होत होतं.

मला जे आधी माहीत असायला हवं होतं ते नंतर वाचनात आलं. पोटातल्या बाळाला शेवटच्या तिमाहीत बाहेरचे आवाज ऐकू येतात, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा येतो तो आईचा. अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकी संशोधकांनी १९८० मध्ये जन्मून तीन दिवसही न झालेल्या बाळांच्या तोंडात एक चोखणी दिली. ती एका ठरावीक पद्धतीने चोखली की आईचा आवाज लागायचा, दुसऱ्या पद्धतीने चोखली की परक्या बाईचा. त्या एवढ्याशा जिवांनी आपलं चोखणं बदललं आणि आईचा आवाज ऐकला. त्यात सूर तपासला गेला नव्हता. ज्या आवाजाची मला लाज वाटत होती, तोच माझ्या मुलीच्या ओळखीचा होता, आणि मी तो तिच्यापासून लपवून ठेवला.

दुसरी चूक जास्त जड आहे, कारण ती मी माझ्या एकटीपुरती ठेवली नाही. माझ्या सासूबाई सिंधुदुर्गातल्या. बाळंतपण करायला त्या आमच्याकडे ठाण्याला आल्या. रोज सकाळी जमिनीवर पाय लांब करून बसायच्या, दोन्ही नडग्यांच्या खोबणीत मुलीला आडवं घ्यायच्या आणि खोबरेल तेल चोळता चोळता गायला लागायच्या. सगळं मालवणीत. हाताला तेल लावताना एक गाणं, पायाला दुसरं, पोटाला गोल फिरवताना तिसरंच. अंघोळ झाली की तिला पुसून गुंडाळून घ्यायच्या आणि तळहातावर बोटाने पक्षी बसवायच्या, त्याला दाणा घालायच्या, पाणी पाजायच्या, आणि मग ते बोट हातावरून चालत चालत काखेपर्यंत जायचं.

एक गोष्ट मी तेव्हा रोज पाहिली आणि रोज चुकीची वाचली. काखेपाशी पोचायच्या जरा आधी सासूबाई गाताना थांबायच्या. बोट कोपराच्या वर तसंच ठेवायचं, भुवया उंचावायच्या आणि बाळाच्या तोंडाकडे बघत राहायचं. मुलगी श्वास रोखायची, डोळे मोठे करायची, पाय झाडायची, एखादा हुंकार द्यायची. तो हुंकार आला की मगच गुदगुली आणि पुढचा शब्द. मला वाटायचं, वयोमानाने त्यांना ओळी आठवत नाहीत. एकदा तर मी मदत म्हणून पुढचा शब्द सांगितलासुद्धा. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती जागा त्यांनी बाळासाठी मोकळी ठेवली होती. तिथे बाळाने उत्तर द्यायचं असतं. बोलण्याचा पहिला धडा तो, आणि माझी मुलगी चार महिन्यांची असताना तो गिरवत होती.

ते मी बंद पाडलं. भांडून नव्हे, फार गोड बोलून. "आई, तिच्या कानावर सुरुवातीपासून प्रमाण मराठी पडलेलं बरं. पुढे शाळेत गोंधळ होतो." त्यांच्या एका गाण्यात न झोपणाऱ्या पोराला बागुलबुवा न्यायला येतो. ते धरून मी म्हटलं, भीती घालणारं काही नकोच. बागुलबुवाला नको म्हणण्यात मी आजही चूक मानत नाही. पण एका बागुलबुवाच्या आडून मी सगळी गाणी बाहेर काढली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "माका येता तां मी म्हणतंय, बाय." आणि नंतर मी खोलीत असले की त्या गप्प तेल लावायच्या. मुलगी साधारण सात महिन्यांची असताना त्या गावी परत गेल्या.

बोलीमुळे मुलं गोंधळतात ही समजूत मी कुठून उचलली होती मला सांगता येणार नाही. ती माझ्यासारख्या घरांत हवेतच असते. वास्तविक बाळं दोन-दोन, तीन-तीन बोलींच्या घरांत मजेत वाढतात. कोकणात, गोव्यात, खानदेशात, बेळगावात पिढ्यान्‌पिढ्या वाढत आली आहेत. घरी एक बोली आणि शाळेत दुसरी हे महाराष्ट्राला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या, तिथल्याच वस्तू घेऊन शिकवू लागल्या. आणि इथे मी माझ्याच घरच्या अंगणातलं शहाणपण उंबऱ्याबाहेर ठेवत होते.

माझी रजा संपली. बाळाला सांभाळायला बाई ठेवली, आणि गाण्यांच्या जागी गाण्यांचे व्हिडिओ आले. रंगीत चित्रं, नाचणारी जनावरं, बहुतेक इंग्रजी. मी मनात हिशेब मांडला होता की अडीच-तीन वर्षांनी नर्सरीचा प्रवेश आहे, तर आतापासून कान तयार झालेला बरा. जेवण व्हिडिओसमोर, नखं कापणं व्हिडिओसमोर, सर्दीचं औषध व्हिडिओसमोर. आणि दर वेळी ती शांत. पाहुणे म्हणायचे, किती गुणी बाळ आहे. मला अभिमान वाटायचा.

त्या शांततेनेच माझी दिशाभूल केली. रेकॉर्ड केलेल्या गाण्याने बाळ शांत होतं हे खोटं नाही. कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठात इझाबेल पेरेत्झ यांच्या गटाने सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना कधी न ऐकलेलं तुर्की भाषेतलं गाणं ऐकवलं, तेही आईवडील नजरेआड असताना. बाळं सरासरी नऊ मिनिटं न रडता राहिली. नुसतं बोलणं ऐकवलं तेव्हा चार मिनिटांच्या आसपास. म्हणजे गाण्यात ती ताकद आहेच, आवाज कुणाचाही असो, भाषा कुठलीही असो. माझी चूक अशी की मी शांत होणं हेच गाण्याचं एकमेव काम समजले. सासूबाईंच्या गाण्याने मुलगी शांत होत नसे. ती पाय झाडायची, ओरडायची, खिदळायची. फोनपुढे ती गप्प बसायची. मी गप्प बसण्याला पसंती दिली.

दीड वर्षाची झाल्यावर तिला इंग्रजीत रंगांची नावं येऊ लागली, दहापर्यंत अंक येऊ लागले. तहान लागली की मात्र ती माझं बोट धरून मला माठापाशी ओढत न्यायची आणि माठावर हात आपटायची. 'पाणी' म्हणत नव्हती. 'आई' म्हणत नव्हती. हाक मारली तर वळायची, पण व्हिडिओ चालू असेल तर नाही. पावणेदोन वर्षांची असताना आम्ही तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी सगळ्यात आधी कान तपासून घ्यायला सांगितलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण बोलायला उशीर होणाऱ्या मुलाच्या बाबतीत 'बोलेल हळूहळू, हिचा बापही उशिरा बोलला' असं म्हणत पुष्कळ घरी ही तपासणी राहून जाते. तिचे कान ठीक होते. मग त्यांनी विचारलं, "दिवसभरात तिच्याशी समोरासमोर बसून कोण गातं, बोलतं?" मी गाण्यांची यादी सांगायला लागले. त्यांनी मला थांबवलं. "कुठली गाणी ते नाही विचारलं. कोण?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्यांनी पडदा पूर्ण बंद करायला सांगितलं. आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सचं म्हणणंही तेच आहे: दोन वर्षांखालच्या मुलांना अधूनमधून नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल सोडला तर पडदा नकोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालच्या बाळांसाठी पडदा नको असं सांगितलं होतं आणि दोन वर्षांच्या मुलासाठी फार तर एक तास. एका पडद्यानेच माझ्या मुलीचं बोलणं लांबवलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही; मुलं आपापल्या वेळेला बोलतात. पण पडद्याने तिच्या दिवसातले किती तास खाल्ले आणि त्या तासांत कुणीही तिच्या हुंकारासाठी थांबलं नाही, हे मी सांगू शकते.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल यांचा एक प्रयोग आहे, २००३ सालचा. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या काही बाळांसोबत चिनी मँडरिन बोलणारी माणसं बसली, खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. अशा बारा बैठका झाल्या. ही बाळं मँडरिनमधले आवाज वेगळे ओळखायला लागली. दुसऱ्या काही बाळांना तीच माणसं, तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं, किंवा नुसतं ऐकवलं. त्यांना काहीच आलं नाही. मँडरिन कधी न ऐकलेल्या बाळांइतकीच ती कोरी राहिली. आवाज तेच, शब्द तेच, पण समोर माणूस नव्हतं. मी हे वाचलं तेव्हा मला स्पीकरची किंमत आठवली नाही, सासूबाईंचं ते कोपरापाशी थांबलेलं बोट आठवलं.

इथून पुढे मी सुधारले असं लिहायला आवडलं असतं. पण मी आणखी एक चूक केली. व्हिडिओ बंद झाले आणि त्या जागी मी अभ्यासक्रम आणला. बडबडगीतांची पुस्तकं आणली आणि रोज नवं गाणं घ्यायला लागले. आज ससा, उद्या भोपळा, परवा आगगाडी. एखादं गाणं तिला आवडलं आणि तिने बोटाने तेच पान परत दाखवलं, तर मी म्हणायची, "ते झालं ना आपलं, आता पुढचं." दोन वर्षांच्या मुलाला एकच गाणं शंभरदा लागतं. पुढे काय येणार हे माहीत असणं यातच त्याचा सगळा आनंद असतो, आणि पुढचं येण्याआधी आपण ते ओळखलं, ही त्याची पहिली मोठी कमाई. माझी मुलगी ती कमाई करायला बघत होती आणि मी पान उलटत होते.

ती गायला लागली तशी मी तिचे शब्द दुरुस्त करायला लागले. ती 'तांदोबा' म्हणायची. "चांदोबा म्हण. च. च." 'र' आणि 'ळ' तर तोंडात बसायला मुलांना चार-पाच वर्षंही लागतात, मी दोन वर्षांच्या मुलीकडून ते घोटून घेत होते. कुणी घरी आलं की तिला मधे उभं करायचं आणि "म्हणून दाखव". एका रविवारी माझ्या मामेसासऱ्यांसमोर मी तिला असंच उभं केलं. तिने माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि फ्रॉकचा काठ तोंडात घातला. त्यानंतर कित्येक दिवस ती गायलीच नाही, एकटी असतानाही नाही. तिला कुणी रागावलं नव्हतं. तिच्या गाण्याची परीक्षा मात्र रोज होत होती. मागे उभं राहून नुसते ओठ हलवायला सांगणाऱ्या बाईंचं काम मी माझ्याच मुलीच्या बाबतीत, तिच्या वयाच्या दुसऱ्या वर्षी, करून ठेवलं.

तेव्हा मी सगळंच सोडून दिलं, आणि आमच्या घरी गाणं खरं सुरू झालं ते नवऱ्यामुळे. त्याला एकही गाणं पुरतं येत नाही. तो मुलीला अंघोळ घालताना आपल्या आईची एक चाल गुणगुणायचा. शब्द अर्धेच आठवायचे, म्हणून उरलेल्या जागी तो जे दिसेल ते घालायचा: बादली, साबण, मोरी, टॉवेल. आणि साबणाशी आला की अडखळायचा, पुढे काय घालावं ते न सुचून. मुलीने पहिला शब्द तिथे भरला. "पाणी." तो इतका हरखला की त्याने तेच कडवं पुन्हा घेतलं, पुन्हा अडखळला, आणि तिने पुन्हा भरलं. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते. माझ्या आणलेल्या पुस्तकांनी आणि निवडलेल्या गाण्यांनी जे झालं नव्हतं, ते अर्ध्या विसरलेल्या गाण्याने केलं.

त्यानंतर मीही गायला लागले, माझ्याच आवाजात. रिक्षात, वेणी घालताना, भाजी निवडताना. एकच गाणं कितीही वेळा. तिने मागितलं तर पहिल्यापासून, शब्द चुकला तर चुकू द्यायचा. झोपवताना तिचा श्वास लांबला की मीही लय लांबवायची. सूर अजूनही लागत नाही आणि तिने त्याबद्दल कधी तक्रार केलेली नाही.

सासूबाईंच्या गाण्यांकडे मी परत गेले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. गावी गेलो असताना मी त्यांची माफी मागितली आणि म्हटलं, आई, ती सगळी गाणी मला सांगा, मी उतरवून घेते. त्यांना ओटीवर खुर्चीत बसवलं, फोन समोर धरला. त्या अवघडून बसल्या. दोन शब्द म्हणाल्या आणि थांबल्या, आणि या वेळी ते थांबणं खरोखरच न आठवल्याचं होतं. "असा इचारून आठवाचा नाय गो. मांडयेर पोर व्हया." माझी मुलगी आता मांडीवर मावत नव्हती, तिला आजीचा मालवणी शब्द कळतही नव्हता. शेवटी शेजारच्या घरातलं पाच महिन्यांचं बाळ त्यांच्या नडग्यांवर दिलं. हात बाळाच्या पायावरून फिरायला लागला आणि पायाचं गाणं आलं. हाताचं आलं. पोटाचं काही आलं नाही. ते अजून आलेलं नाही.

आपल्या बायकांची अशी गाणी कुणी जपलीच नाहीत असं नाही. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या, त्यात तान्ह्या बाळावरच्या कितीतरी आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉटवॅं यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि त्यातल्या पुष्कळ आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या गाणाऱ्या बायकांच्याच आवाजात ऐकता येतात. पण तुमच्या घरात तेल लावताना म्हटलं जाणारं गाणं त्यात असेलच असं नाही. बाळाच्या नावाला, घरच्या गायीला, दारातल्या झाडाला धरून रचलेलं गाणं ज्या त्या घरापुरतंच असतं, आणि म्हणणारी गेली की ते जातं.

म्हणून तुमच्या घरी आज आजी असेल, पणजी असेल, शेजारी एखादी म्हातारी मावशी असेल, तर तिची बोली सुधारायला जाऊ नका. बाळ तिच्या मांडीवर द्या. फोन दूर, नजरेआड ठेवून रेकॉर्डिंग सुरू करा, ते मोठ्यांनी शिकून घेण्यासाठी. बाळाला ऐकवायला नव्हे. आणि गाता गाता ती मधेच थांबली, तर पुढची ओळ सुचवू नका.